खाडीत गळ टाकायला स्वस्तातली कयाक घेताना

खाडीत मासे गरवायला कयाक घ्यायची म्हटली की चौकशी सुरू होते लांबीपासून. मग सीट कशी, रॉड होल्डर किती, पेडल आहे का. माझ्या मते पहिला प्रश्न वजनाचा असायला हवा. वशिष्ठी, सावित्री, शास्त्री, काजळी, कर्ली, कुठलीही खाडी घ्या. भरतीला जिथून कयाक अलगद पाण्यात सोडली, तिथेच ओहोटीला पाणी लांब सरकलेलं असतं आणि मध्ये गुडघाभर चिखल उघडा पडलेला असतो. पाय रुतलेले, हात थकलेले आणि मागे ओढायला ३५ किलोची कयाक. ट्रॉली असली तरी तिची बारीक चाकं त्या चिखलात दोन वीत खाली जातात. एकट्या माणसाने घ्यायची असेल तर कयाकचं रिकामं वजन २५ किलोच्या आत ठेवावं. एवढा एक आकडा पाळला तरी बाजारातले निम्मे पर्याय गळून पडतात, आणि गळतात ते बहुतेक महागडेच.

इथे जे लिहितोय ते कोकण-गोव्याच्या खाड्या, त्यांना मिळणाऱ्या नद्यांचे गोड्या पाण्याचे कोंड आणि घाटावरच्या संथ नद्या यांच्यापुरतं. उघड्या समुद्राचा हिशोब पूर्ण वेगळा आहे. खाडीसाठी घेतलेली कयाक खाडीच्या मुखाबाहेर नेऊ नये.

आत बसायची की वर बसायची

आत बसायची कयाक, म्हणजे सिट-इन, पाय आत घालून बसण्याची. वर बसायची, म्हणजे सिट-ऑन-टॉप, हिचं पोट पूर्ण बंद असतं आणि आपण वरच्या खळग्यात बसतो. गळ टाकायला दुसरीच घ्या. सिट-इन उलटली की आत शंभर लिटरहून जास्त पाणी भरतं. ते भर खाडीत उपसता येत नाही, आणि पाणी भरलेल्या कयाकमध्ये पुन्हा चढायला गेलं की ती पुन्हा उलटते. सिट-ऑन-टॉप सुलटी केली की वरचं पाणी तळाच्या आरपार भोकांतून आपोआप निघून जातं. मग बाजूने पोहत येऊन पाय मारायचे, पोटावर आडवं चढायचं, पालथ्याचं उताणं होऊन बूड खळग्यात टेकवायचं आणि शेवटी पाय आत घ्यायचे. हा क्रम कमरेएवढ्या पाण्यात, जॅकेट घालून, जमेपर्यंत करून बघा. तो जमला नाही तोवर खोल पाण्यात जाऊ नये, मग कयाक कितीही महाग असो.

दुसरं कारण सोयीचं आहे. मासा लागला की वळावं लागतं, पक्कड शोधावी लागते, कधी उथळात उतरावंही लागतं. वर बसलेल्याला हे सगळं झटक्यात करता येतं.

लांबी, रुंदी आणि वेगाचं गणित

लांब कयाक वेगवान असते हे खरं. पण किती? पाण्यावर टेकलेल्या लांबीचं, फुटांतलं, वर्गमूळ काढायचं आणि १.३४ ने गुणायचं. येतो तो वेग नॉटमध्ये. त्याच्यापुढे कितीही जोर लावला तरी नाव आपल्याच लाटेत अडकते. १० फुटांना हा आकडा ४.२ नॉट येतो, म्हणजे ताशी ७.८ किलोमीटर. १२ फुटांना ४.६ नॉट, म्हणजे ८.६ किलोमीटर. फरक ताशी एक किलोमीटरही नाही. शिवाय दिवसभर वल्हवताना आपण त्या मर्यादेच्या जवळ नसतोच, ४ ते ५ किलोमीटरच्या वेगाने जात असतो. या दोन जास्तीच्या फुटांसाठी ५ ते ८ किलो वजन वाढतं, खारफुटीच्या फाट्यात वळताना टोकं मुळांना अडकतात आणि छोट्या गाडीच्या टपावरून कयाक पुढे-मागे लोंबते. साडेनऊ ते साडेदहा फूट ही खाडी-नदीची खरी लांबी. मोठ्या पात्रात रोज पाच-सहा किलोमीटर जाणार असाल तरच १२ फुटांचा विचार करा.

रुंदी ७६ ते ८४ सेंटीमीटर. ७० च्या खाली गेलं की रॉड हातात असताना तोल सांभाळण्यात लक्ष जातं. ९० च्या वर गेलं की वल्हं लांब लागतं, हात बाहेर ताणावे लागतात आणि वाऱ्यात कयाक जागेवरच राहते. ‘उभं राहून गळ टाकता येईल’ अशा जाहिरातीसाठी रुंदी वाढवलेल्या कयाक ३० ते ४० किलोंच्या असतात. आपल्या खाड्यांत उभं राहायची गरज फारशी पडतही नाही. पाणी गढूळ असतं, उभं राहून मासा दिसत नाही. जिताडा आणि तांबोशी खारफुटीच्या मुळांशी, खडकाच्या कपारीत असतात. तिथे बसून, आडव्या हाताने फेकलेलं आमिषच फांद्यांखाली नीट जातं.

भाराची पाटी कशी वाचायची

कयाकवर लिहिलेली भारक्षमता म्हणजे बुडायच्या आधीची मर्यादा असते, आरामात चालण्याची नव्हे. लिहिलेल्या आकड्याचा दोन-तृतीयांश धरायचा. १५० किलो लिहिलं असेल तर १००. त्यात तुमचं वजन आणि सामान दोन्ही आलं. सामान किती होतं याचा अंदाज नेहमी चुकतो, म्हणून मांडून बघा: नांगर, साखळी आणि दोरी मिळून ३ किलो, पिण्याचं पाणी ३, आमिष आणि खोकं ३, दोन रॉड-रील दीड, जॅकेट १, बर्फाचा डबा ५, बाकी किडूकमिडूक आणि भिजलेले कपडे धरून १८ ते २० किलो सहज होतात. ७५ किलोच्या माणसाला १५० ची पाटी पुरते. ९० किलोच्या माणसाने १६५ च्या खालची घेऊ नये.

जास्त भार टाकला तर काय होतं तेही समजून घ्या. १० फुटी, ८० सेंटीमीटर रुंद कयाकचा पाण्याच्या पातळीवरचा आडवा छेद साधारण दीड चौरस मीटर भरतो. टोकं निमुळती असतात, म्हणून पूर्ण आयत धरायचा नाही. एक सेंटीमीटर खाली जायला १५ लिटर पाणी बाजूला सारावं लागतं, म्हणजे दर १५ किलोंना कयाक एक सेंटीमीटर बसते. ऐकायला हे थोडं वाटतं. पण बसायच्या खळग्याचा तळ पाण्याच्या जेमतेम चार-पाच सेंटीमीटर वर असतो. ६० ते ७५ किलो जास्त झाले की तळाच्या भोकांतून पाणी वर येतं आणि दिवसभर आपण डबक्यात बसतो. भोकांना बुचं मारून हे थांबतं, पण मग लाटेने आत आलेलं पाणीही बाहेर जात नाही. बुचं फक्त सीटखालच्या भोकांना मारावीत, पायाशी असलेली मोकळी ठेवावीत.

तळाच्या आकारावर फार डोकं खपवू नका. तळाला दोन-तीन लांब पन्हाळी असलेली कयाक स्थिर असते आणि थोडी जड चालते. मधोमध कणा उतरलेली सरळ जाते पण बसताना हलते. खाडीला पहिली बरी. ११ फुटांच्या आत सुकाणू लागत नाही, त्याचे पैसे वाचवा.

पेडल

पायाने चालवायच्या कयाकची ओढ मला कळते, हात मोकळे राहतात. पण तिचा पंखा तळाखाली ३० ते ४० सेंटीमीटर उतरलेला असतो. ओहोटीच्या खाडीत एवढं पाणी पुष्कळ ठिकाणी नसतं. नदीत दगड, खाडीत जुन्या जाळ्यांचे तुकडे आणि बुडालेली मुळं. पंखा अडकला की वाकतो किंवा त्याची पिन तुटते, आणि ती पिन जवळच्या गावात मिळत नाही. शिवाय यंत्रणेचं वजन ६ ते ८ किलो आणि किंमत बहुतेकदा दुसऱ्या साध्या कयाकएवढी. स्वस्तात घ्यायची तर वल्ह्याचीच.

हवेची कयाक

पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला हाच पर्याय उरतो, आणि तो वाईट नाही. डिकीत मावते, लिफ्टमधून जाते. पण मापं बघून घ्या. इंटेक्सची चॅलेंजर के-१ ही एकट्याची कयाक २७४ सेंटीमीटर लांब, ७६ रुंद आणि १०० किलो क्षमतेची आहे. दोन-तृतीयांशाच्या हिशोबाने ६७ किलो झाले, म्हणजे सामानासकट मध्यम बांध्याचा माणूसही त्यात बसत नाही. त्याच कंपनीची दोघांची एक्सप्लोरर के-२ आहे ३१२ बाय ९१ सेंटीमीटर, १८० किलोची. तिच्यात एक सीट काढून, उरलेली मधोमध सरकवून एकट्याने जावं. मग हिशोब बसतो.

हवेच्या कयाकला खाडीत तीन शत्रू आहेत. पहिला कालवं. खडकांना, जेट्टीच्या खांबांना आणि खारफुटीच्या मुळांना चिकटलेल्या कालवांच्या कडा पात्यासारख्या असतात, नुसतं घासलं तरी चीर पडते. दुसरा तुमचाच गळ. टोक उघडं ठेवून रॉड आडवा टाकायचा नाही. तिसरा ऊन, आणि याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. सकाळच्या गारव्यात ठासून हवा भरलेली कयाक दुपारी काठावर उन्हात ठेवली की आतली हवा तापते. स्वस्त कयाकमध्ये आतला दाब बाहेरच्यापेक्षा जेमतेम दहा टक्के जास्त असतो. हवा २० अंशांवरून ५० अंशांवर गेली की एकूण दाब दहा टक्क्यांनी वाढू पाहतो, म्हणजे शिवणीवर येणारा जादा ताण जवळजवळ दुप्पट होऊ शकतो. शिवण उसवते ती अशी. पाण्याबाहेर काढली की प्रत्येक कप्प्यातून थोडी हवा सोडायची, पुन्हा उतरताना भरायची. धरणाच्या पाण्यात, संथ नदीत ही कयाक चांगली. कालवांच्या खाडीत मी ती सुचवणार नाही.

फायबर की प्लास्टिक

बाजारातल्या बहुतेक टणक कयाक पॉलिथिलीनच्या, साच्यात फिरवून केलेल्या असतात. दगडावर आपटलं तर पोचा पडतो, फुटत नाही. उन्हात तापली की पोचा बराचसा आपोआप भरून येतो, राहिला तर गरम पाणी ओतून आतून दाबायचा. फायबरची कयाक हलकी असते, कडक असते, पण नदीतल्या दगडावर घासली की वरचा थर उडतो आणि आपटली तर तडकते. तिच्या बाजूने एक मोठी गोष्ट मात्र आहे. किनाऱ्यावर फायबरच्या होड्या बांधणारे आणि दुरुस्त करणारे कारागीर ठिकठिकाणी आहेत, रेझिन आणि काचतंतूंची चटई लावून ते अर्ध्या दिवसात भोक बुजवतात. निव्वळ खाडीत जाणार असाल तर फायबर चालेल. दगडाळ नदीत जायचं असेल तर प्लास्टिकच.

जुनी कयाक घ्यायला माझी पूर्ण संमती आहे. कमी पैशात चांगली वस्तू मिळवायचा तोच सरळ रस्ता आहे. फक्त तपासणी नीट करा. आधी उलटी करून मागचं बूड बघा. भाड्याने चाललेल्या कयाक वाळूतून आणि काँक्रीटच्या उतारावरून ओढून-ओढून तिथेच झिजतात. बोटाने दाबल्यावर तिथलं प्लास्टिक कागदासारखं आत-बाहेर होत असेल तर सोडून द्या. मग सीटखालच्या आरपार भोकांच्या कडा बघा. वरचा आणि खालचा थर जिथे जुळतो, तिथे बसणाऱ्याच्या वजनाने बारीक तडे जातात, आणि ते फक्त भोकात बॅटरी मारूनच दिसतात. झाकण उघडून मोबाइलचा उजेड आत टाका. आत वाळू आणि मिठाचा थर असेल तर पाणी कुठून तरी शिरतंय. ते शोधायला पाणी काढायच्या बुचाच्या भोकातून तोंडाने हवा फुंकायची आणि बाहेरून साबणाचं पाणी फासायचं, बुडबुडे येतील तिथे गळती. पंप जोराने मारू नका, जोड फाटतात. रंग उडून पृष्ठभागावर खडूसारखी पूड हाताला लागत असेल तर ती वर्षानुवर्षं उन्हात पडलेली आहे. असं प्लास्टिक ठिसूळ होतं, दुरुस्तीने सुधारत नाही.

तडा लहान असेल तर किंमत पाडून घ्यायला हरकत नाही, पण दुरुस्ती योग्य करा. एम-सील किंवा कुठलाही इपॉक्सी पॉलिथिलीनला धरत नाही, दोन फेऱ्यांत पापुद्रा निघतो. तड्याच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरचं भोक पाडायचं म्हणजे तो पुढे धावत नाही, मग तड्यावर व्ही आकाराची खाच करून त्याच जातीच्या प्लास्टिकची कांडी गरम हवेने वितळवून भरायची. एचडीपीईचे पाइप जोडणाऱ्यांकडे हे सामान आणि हात दोन्ही असतात. वाटेत तडा गेला तर ब्युटाइल टेप कोरड्या पृष्ठभागावर दाबून घरी येण्यापुरतं काम भागतं.

वाचलेले पैसे कुठे घालायचे

एकूण शंभर रुपये असतील तर कयाकवर साठ खर्चा, चाळीस वल्हं, जॅकेट, नांगर आणि वाहतुकीसाठी ठेवा. सगळे पैसे कयाकमध्ये घालून सोबत आलेलं फुकटचं वल्हं वापरणारा माणूस तासाभरात थकतो. मिनिटाला पन्नास फटके धरले तरी तासाला ३,००० होतात. ॲल्युमिनियमच्या दांड्याचं वल्हं सव्वा किलोच्या आसपास भरतं, फायबरचं ९०० ग्रॅमच्या. ते साडेतीनशे ग्रॅम ३,००० वेळा उचलायचे की नाही हा प्रश्न आहे. कयाक ८० सेंटीमीटर रुंद आणि सीट खाली असेल तर वल्हं २३० ते २४० सेंटीमीटर, सीट उंचावर असेल तर २५०. ॲल्युमिनियमचं घेतलंच तर मधला जोड दरवेळी उघडून गोड्या पाण्याने धुवा. मीठ आणि वाळू बसली की जोड असा आवळतो की दोन माणसांनाही सुटत नाही.

जॅकेट पर्यटकांच्या बोटीतलं, छातीवर ठोकळे असलेलं नारिंगी घेऊ नका. ते काखेत घासतं, म्हणून माणूस काढून मागे ठेवतो, आणि मागे ठेवलेलं जॅकेट काही कामाचं नाही. काखेशी रुंद कापलेलं, पाठीचा फोम वर खांद्यांपाशी असलेलं, ५० न्यूटन तरणशक्तीचं घ्या. जुन्या जॅकेटची परीक्षा सोपी आहे. ५ किलोचं लोखंडी वजन बांधून टाकीत सोडायचं. तरंगलं पाहिजे, आणि तासाभरानेही तरंगत असलं पाहिजे. खांद्याला शिट्टी आणि हाताशी म्यान केलेली सुरी हवीच. सुरी माशासाठी नव्हे, पायात दोरी किंवा जाळं अडकलं तर कापण्यासाठी.

घडीचा दीड किलोचा नांगर, त्याला एक मीटर साखळी आणि ६ मिलिमीटरची २५ मीटर दोरी पुरते. नांगर धरून ठेवायला दोरी खोलीच्या निदान चौपट सोडावी लागते. कमी सोडली तर नांगर टोचत नाही, नुसता घसटत जातो. दोरी नेहमी पुढच्या किंवा मागच्या टोकाला, कधीही बाजूला बांधायची नाही. ओहोटीच्या ओढीत दोरी बाजूला असली की पाणी कयाकला आडवं धरतं, वरच्या बाजूची कड खाली ओढली जाते आणि काही सेकंदांत ती उलटते. बसल्या जागेवरून दोरी टोकाकडे सरकवायला कप्पीवरची फिरती दोरी लावून घ्या, तिला दोन कप्प्या आणि सहा-सात मीटर दोरी एवढंच लागतं. नांगराच्या दोरीच्या आपल्याकडच्या टोकाला रिकामी बाटली बांधून ठेवा. नांगर खडकात अडकला किंवा होडी अंगावर आली, तर दोरी सोडून देता येते आणि नंतर बाटली बघून परत घेता येते. उथळ चिखलात तर नांगरापेक्षा दोन मीटरची काठी बरी. चिखलात खुपसायची आणि दोरीने टोकाला अडकवायची.

पाणी

कयाकची निवड आणि पाण्याचं ज्ञान वेगळं करता येत नाही, कारण आपण ज्या वेगाने वल्हवतो जवळपास त्याच वेगाने उधाणाच्या ओहोटीचं पाणी अरुंद जागी वाहतं. मुंबईकडे उधाणाला पाणी ४ मीटरहून जास्त चढतं-उतरतं, दक्षिणेकडे ते कमी होत गोव्यात २ मीटरच्या आसपास येतं. पूर्ण भरतीची वेळ काढायचा कोकणातला जुना हिशोब अजून उपयोगी आहे: तिथीला ३ ने गुणायचं, ४ ने भागायचं. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, भरती सहाच्या सुमारास. हा खाडीच्या मुखाशी लागू होणारा अंदाज आहे, आत जाल तसा उशीर होतो, म्हणून छापील वेळापत्रकही बघा. निघताना ओहोटीच्या शेवटी निघावं, भरतीबरोबर आत जावं आणि पाणी उतरू लागल्यावर परतावं, म्हणजे जाताना-येताना दोन्ही वेळा पाणी आपल्या बाजूने. यासाठी सुरुवातीची जागा अशी निवडा की ओहोटीलाही तिथे वाळू किंवा दगडी धक्का असेल. नवख्याने अष्टमीच्या आसपासच्या भांगाच्या दिवसांत जावं, तेव्हा ओढ कमी असते.

हिवाळ्यात पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. त्याच वेळी ओहोटी असेल तर दोघं मिळून कयाकला मुखाकडे ढकलतात. दुपारी खारा वारा उलटा येतो आणि ओहोटीच्या पाण्याला भिडून आखूड, उभ्या लाटा करतो. दहा फुटी कयाकसाठी त्या लाटा त्रासदायक असतात, दुपारी बाराच्या आत काठाला लागलेलं बरं. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, आगरदांडा-दिघी इथे फेरीबोटी चालतात. त्यांच्या लाटेला कयाकचं पुढचं टोक तिरकं द्यायचं, बाजू द्यायची नाही. खाडीत खुंटांवर लावलेली जाळी असतात. ओढ जोरात असताना त्यांच्या वरच्या अंगाला जाऊ नका. आडवी कयाक खुंटाला चिकटली की पाणी ती दाबून धरतं. शिवाय ती जाळी कुणाच्या पोटाचा धंदा आहे, तिथे गळ टाकायचाच नाही.

वशिष्ठीत चिपळूणच्या आसपास, सावित्रीत महाडजवळ, कृष्णेत सांगलीकडे आणि गोव्यात कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत. या पाण्यात कयाकबाहेर पाय सोडून बसू नका, पकडलेला मासा दोरीला बांधून पाण्यात लटकवू नका, ओल्या गोणपाटात किंवा बर्फात ठेवा. काठावर उन्हाला पडलेली मगर दिसली तर लांबून जा. हवेची छोटी कयाक आणि टायरच्या ट्यूबवरचे जुगाड इथे अजिबात नकोत.

नदीत दोन गोष्टी. वशिष्ठीच्या वरच्या भागात कोयनेच्या वीजनिर्मितीचं पाणी येतं, कुंडलिकेत भिऱ्याच्या वीजघरातलं. ते सोडलं की पाऊस नसतानाही पातळी वाढते आणि कोरड्या दगडावर ठेवलेली कयाक वाहून जाते, म्हणून काठाला थांबलात तरी ती झाडाला बांधा. घाटावरच्या नद्यांत कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. काही बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढलेले असतील तर त्या फटीकडे पाणी वरून शांत दिसतं आणि खालून जोरात ओढलं जातं. वरच्या बाजूने शंभर मीटरच्या आत जाऊ नका, उतरून काठाने कयाक पलीकडे न्या. २५ किलोंचा आग्रह इथेही कामी येतो. धरणाच्या जलाशयात मासेमारीचा हक्क बहुधा सहकारी संस्थेकडे किंवा ठेकेदाराकडे असतो, आधी विचारून परवानगी घ्या.

वर काय बसवायचं

सुरुवातीचे काही महिने कयाकला एकही भोक पाडू नका. भाजीवाल्यांकडे मिळतो तसा प्लास्टिकचा क्रेट घ्या, त्याच्या मागच्या बाजूला ४० किंवा ५० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचे ३० सेंटीमीटर लांबीचे तीन तुकडे केबल टायने थोडे मागे कलते बांधा आणि क्रेट सीटमागे रबरी दोरीने आवळा. रॉड होल्डर झाले. क्रेटच्या तळाला फोमचा तुकडा बांधला की तो पडला तरी तरंगतो. आपला हात नेमका कुठे जातो, रॉड फांद्यांना कुठे अडकतो हे कळल्यावरच पक्के होल्डर बसवा. तेव्हाही पाण्याच्या पातळीच्या वर आणि झाकणातून आत हात पोचेल अशाच जागी. पातळ प्लास्टिकमध्ये नुसता स्क्रू धरत नाही, चार झटक्यांत उपटून येतो. आतून नट आणि रुंद वॉशर लावा. हात पोचत नसेल तर रबरी वेल-नट वापरा, बोल्ट आवळला की तो आतून फुगून धरतो. बोल्ट ३१६ दर्जाच्या स्टेनलेसचे घ्या, ३०४ वर खाडीच्या पाण्यात गंजाचे डाग येतात. भोकाच्या कडेला मरीन सीलंट लावून बोल्ट आधी हलका आवळायचा, सीलंट धरल्यावर अर्धा फेरा आणखी. एकदम करकचून आवळला तर सगळं सीलंट बाहेर येतं आणि त्याच भोकातून पाणी आत झिरपतं.